इसाराचे पैसे

माझ्या नवऱ्याचं म्हणणं होतं, फ्लॅट घ्यावा. माझं म्हणणं, जमीन. पैसे माझ्या कमाईचे होते, त्यामुळे हा वाद कोण जिंकणार याबद्दल दोघांनाही शंका नव्हती. तरी आम्ही रोज संध्याकाळी चहाबरोबर तो घालायचो. भाड्याच्या खोलीत करमणुकीला दुसरं होतं तरी काय!

मी आरोग्यसेविका आहे. शहापूर नाहीतर मुरबाड, या दोन तालुक्यांबाहेर माझी बदली कधी झाली नाही, आणि या दोन तालुक्यांत माझ्या मालकीची एक पायरीसुद्धा नव्हती. जिथे उपकेंद्र, तिथे जवळपास खोली. तानसाच्या बाजूला होते तेव्हा घरामागची टेकडी चढलं की तलाव दिसायचा आणि उन्हाळ्यात प्यायला पाणी टँकरचं यायचं, कारण तलावातलं पाणी मुंबईचं. घरमालकही सगळे एकाच शाळेत शिकल्यासारखे. भिंतीला खिळा ठोकायचा नाही, पाहुणे ठेवायचे नाहीत, आणि त्यांच्या मुलाचं लग्न ठरलं की खोली रिकामी करून द्यायची. एका बाईने तर मला दारात तुळस लावू दिली नाही. म्हणाली, तुळस लावली की भाडेकरू हलत नाही. त्या बाईला मी गरोदरपणात घरी जाऊन गोळ्या दिल्या होत्या. तिचं ते बोलणं मी विसरलेले नाही, विसरणारही नाही.

नवरा एका कारखान्यात मशीनवर काम करतो. सासरे फार वर्षांपूर्वी कामासाठी कल्याणला आलेले. त्यांच्याकडे शेत नव्हतं, आणि कधी होतं असं कोणाला आठवतही नव्हतं. आम्हाला मूलबाळ नाही. माझी निवृत्ती जवळ आली तसा एकच प्रश्न राहिला, नंतर राहायचं कुठे. माझं उत्तर तयार होतं. माझ्या गावात, धसईच्या पुढे, जिथे मी लहानपणी भाताच्या रोपांची जागा भाजायला, म्हणजे राबाला, धाटं वाहिली, गुडघाभर चिखलात भात लावलं, तिथे एक छोटं घर बांधायचं आणि दारात तुळस लावायची. झालंच तर दोन तुळशी.

संधी आली ती म्हसा गावच्या गुरांच्या जत्रेत. आमच्या शेताला लागून ज्यांची जमीन आहे, ते काका तिथे भेटले. गुरं विकायला आणली नव्हती. आता त्यांच्याकडे विकण्यासारखी गुरंच नाहीत. सवय म्हणून आले होते, बैलांच्या पाठीवर हात फिरवत हिंडत होते. मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाय, आमचा वरचा तुकडा इकायचा हाय. मुंबईवाले गाड्या घेऊन येतात रोज. त्यांना दिला का कुंपन घालतील, मग गुरांना वड्यावर जायला वाट नाय राहनार. तू गावची हायेस. तू घेशील तर मी थांबतो. होळीपर्यंत इसार दे, बाकीचा पुढच्या साली सावकाश."

तो तुकडा मला पाठ होता. भात होत नाही, थोडी नाचणी, थोडी वरई, बाकी गवत. असल्या चढावरच्या जमिनीला आमच्याकडे वरकस म्हणतात आणि बोलणाऱ्याचा सूरही तसाच असतो, 'काय, वरकसच तर आहे.' पण तिथून सगळं गाव दिसतं. कडेला मोहाचं एक झाड होतं. काकांनी सांगितलेला भाव मुंबईवाल्यांच्या भावाहून बराच कमी होता. त्यांच्या सुनेच्या दोन्ही बाळंतपणांत मी धावले होते, ते त्यांनी लक्षात ठेवलं होतं. काही माणसं ठेवतात.

परत येताना गाडीत मी नवऱ्याला म्हटलं, "मी सगळं मोडणार."

"सगळं म्हणजे?"

"सगळं."

हे 'सगळं' म्हणजे काय होतं ते सांगते, कारण ते मोडताना मला जे वाटलं ते मी कोणाला सांगितलेलं नाही. पोस्टातलं आवर्ती खातं होतं, नोकरीच्या पहिल्या वर्षी उघडलेलं, मुदत संपली की पुन्हा उघडलेलं. बँकेत मुदत ठेवी होत्या. त्यांतली एक फक्त आजारपणासाठी, तिला आम्ही घरात 'दवाखाना' म्हणायचो. आमच्या नर्सबायांची भिशी होती. चार पाटल्या होत्या. आणि बरोबरच्या एका तरुण सिस्टरने मला मोबाइलवर म्युच्युअल फंड घ्यायला लावला होता. "मॅडम, एफडीने महागाई नाही हरत," असं ती म्हणायची. मी तो हप्ता भरत राहिले, पण रोज सकाळी हिरवं आहे की लाल ते बघायची. मी काढायला गेले तेव्हा लाल होता. माझ्या नशिबाला रंगाची चांगली पारख आहे.

नवरा विरोध करत नव्हता, पण हिशेबी बोलत होता. "मुदतीआधी मोडलीस तर व्याज कापतील. पाटल्या गेल्या की पुन्हा होणार नाहीत. 'दवाखाना' गेला आणि उद्या आपल्यातलं कोणी पडलं तर? फ्लॅट घेतला तर निदान थोडं कर्ज तरी मिळेल. या जमिनीवर आपल्याला या वयात कोण कर्ज देणार?" एका रविवारी त्याने मला आसनगावला एक नमुना फ्लॅट दाखवायला नेलं. 'निसर्गाच्या कुशीत' असं बाहेर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं. खिडकीतून दुसऱ्या इमारतीची खिडकी दिसत होती आणि त्या खिडकीत एक माणूस दात घासत होता. मी म्हटलं, "निसर्ग दात घासतोय." नवरा हसला आणि फ्लॅटचा विषय तिथे संपला.

मी ठेवी मोडल्या. पाटल्या विकल्या. सोनाराने वजन केल्यावर त्या मला परत हातात घ्यायच्या होत्या, एकदाच, पण मागायला लाज वाटली. सगळे पैसे एका खात्यात आले तेव्हा मला श्रीमंत वाटलं नाही, उघडं पडल्यासारखं वाटलं. भीती वाटत होती. पण आनंदही होता, खरं सांगते, इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता. होळी जवळ आली होती. कागदपत्रांचं विचारायला म्हणून मी मुरबाडला तहसील कचेरीजवळ बसणाऱ्या एका वकिलांकडे गेले.

त्यांनी जमिनीचा सातबारा पाहिला, काकांच्या नावाची खात्री केली, "तुकडा छान आहे, वाद नाही," म्हणाले. मग विचारलं, "तुमचा शेतकरी असल्याचा पुरावा?"

मी हसले. म्हटलं, "साहेब, मी तिथलीच. त्याच्या खालचं शेत आमचंच आहे."

"आमचं म्हणजे कोणाचं? तुमचं नाव आहे सातबाऱ्यावर?"

"माझ्या वडिलांचं होतं. आता भावाचं आणि आईचं."

"आणि तुमचं?"

मी सांगितलं, हक्क सोडला. वकिलांनी चष्मा काढला. ते उद्धट नव्हते, उलट हळू बोलत होते, त्यामुळेच जास्त लागलं. म्हणाले, "वडील गेल्यावर तुमचं नाव लागलं तेव्हा तुम्ही शेतकरी होतात. हक्कसोडावर सही केलीत त्या दिवसापासून नाही. मिस्टरांकडेही शेत नाही. शेतजमीन तुम्हाला घेता येणार नाही, मॅडम."

हक्क सोडण्याची आमच्याकडची रीत सांगायला हवी. बाप गेला, वर्षश्राद्ध झालं, की भाऊ बहिणींना घेऊन कचेरीत जातो. जाताना जीप करतात. सही झाली की साडी मिळते, जेवण मिळतं, आणि गावात सांगितलं जातं, 'सोन्यासारखी बहीण, भावाला हक्क सोडला.' जी सही करत नाही तिने माहेर तोडलं असं म्हणतात, आणि पुढच्या भाऊबीजेला तिचा पाट कोणी मांडत नाही. मला कोणी जबरदस्ती केली नाही. आईने एवढंच म्हटलं होतं, "देऊन टाक गो, तुला काय कमी हाय, तुला पगार हाय." मला तर अभिमान वाटला होता. साडी मोरपंखी होती. जमीन सोडली म्हणजे वाटा सोडला, एवढंच मला ठाऊक होतं. त्या सहीबरोबर मी शेतकरी असणंही सोडून देतेय, हे ना भावाने सांगितलं, ना तलाठ्याने, ना कचेरीतल्या कोणी. त्या सगळ्यांना तरी ठाऊक होतं की नाही कोण जाणे. आमच्या आसपासच्या गावांत किती जणींनी अशा सह्या केल्या असतील! सगळ्यांनी चिखल तुडवलेला, आणि कागदावर शेतकरी एकही नाही.

मी वकिलांना विचारलं, मग ते मुंबईवाले कसे घेतात? ते म्हणाले, "कुठल्यातरी जिल्ह्यात, कुठल्यातरी गावी त्यांचं नाव असतं. नाव असलं की झालं." मला संताप आला, पण कोणावर काढणार? वकिलांची फी देऊन उठत होते तेव्हा त्यांनीच एक वाट सुचवली. आईचं नाव सातबाऱ्यावर आहे ना, मग जमीन आईच्या नावावर घ्यायची आणि आईने माझ्या नावाने मृत्युपत्र करायचं. वारसाहक्काने आलेली जमीन घ्यायला शेतकरी असावं लागत नाही.

मी तिथून थेट धसईची गाडी धरली आणि माहेरी गेले.

भाऊ माझ्याहून लहान. वाईट माणूस नाही तो. मी आल्यावर कोंबडी कापतो, मला बसला बसवायला येतो, फोन केला की उचलतो. जमीन मला घेता येत नाही, एवढं मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "ताई, एवढं टेन्शन कशाला घेतेस? माझ्या नावावर घे ना. मी हाय की. तू घर बांध, राहा. नावात काय हाय?"

मी म्हटलं, नावात काही नसेल तर वकील दुसरं काय विचारत होते?

तो हसला. मग अगदी प्रेमाने म्हणाला, "आणि तुझ्यामागं तसा हाय कोण, सांग? शेवटी आमच्याच पोरांना येनार ना ते?"

तो हे माझ्या तोंडावर बोलला आणि त्यात आपण काही वाईट बोललो असं त्याला वाटलंही नाही. मी जिवंत, त्याच्यासमोर बसलेली, हातात त्याच्याच घरातला चहा, आणि त्याने माझी वाटणी करून ठेवलेली. मी चहा पिऊन टाकला. भांडले नाही. मृत्युपत्राचं काही न बोलता एवढंच म्हटलं, आईच्या नावावर घेऊ. तो लगेच तयार झाला. "चालंल की. आईच्या नावावर काय न माझ्या नावावर काय, सारखंच." मला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं. मनात मी पायासुद्धा खणायला घेतला.

तो बाहेर गेला. आई मागच्या पडवीत वालाच्या शेंगा सोलत बसली होती. तिने सगळं ऐकलं होतं. मी जवळ बसले, शेंगा हातात घेतल्या. वकिलांनी मृत्युपत्राचं सुचवलं होतं ते तिला सांगितलं. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "माझ्या नावावर घेऊ नको गो."

मला वाटलं, तिला कचेरीच्या फेऱ्या नकोत. म्हटलं, "आई, गाडी करीन. एकदाच यायचं."

"येन्याचं नाय. ऐक. मी त्याच्याकडं जेवते." ती सुपातले किडके दाणे वेगळे काढत राहिली. "तुझ्या नावचा कागद आज मी करीन. उद्या तो दुसरा कागद घेऊन आला, बोलला, आये, हितं अंगठा दे, तर मी देनार. मला द्यावाच लागंल. मंग तुझं पैसं जातील, न मला तुझ्यापुढं तोंड दाखवायला जागा नाय राहनार. मला त्यात घालू नको. पैसं घेऊन जा तुझं."

मी म्हटलं, "तो असं करेल असं वाटतं तुला?"

"त्याला वाईट वाटंल," आई म्हणाली, "पन करील."

मला तिचा राग यायला हवा होता. आला नाही. आला असेल तर तो फक्त या गोष्टीचा की ती हे इतकं सरळ बोलली, जसं काही आज कोणती भाजी करायची ते सांगतेय. ज्या घरात ती सून म्हणून आली, जिथे तिने उभा जन्म राबून काढला, ज्या सातबाऱ्यावर तिचं नाव अजून आहे, तिथे तिचा अंगठा तिचा नव्हता. माझी सही तरी माझी होती. मीच ती देऊन बसले. आम्ही दोघींनी ते सूपभर वाल सोलले. 

काकांना मी फोन केला नाही, त्यांच्या घरी जाऊन नाही म्हणून सांगितलं. त्यांनी कारण विचारलं. मी खरं सांगितलं. ते म्हणाले, "आता मी कुणाची वाट बघू, बाय?" त्यांची चूक नव्हती. जमीन मुंबईच्या एका कुटुंबाने घेतली. आता तिथे तारेचं कुंपण आहे, फाटक आहे, फाटकावर कॅमेरा आहे. मोह तोडला. शनिवार-रविवारी गाणी लागतात. इतर दिवशी बंगल्याची देखभाल माझा भाऊ करतो. त्याचे त्याला महिन्याला पैसे मिळतात. गुरं लांबून वळसा घालून ओढ्यावर जातात.

पैसे काही दिवस खात्यात पडून राहिले. बँकेतल्या मुलीने विचारलं, "मॅडम, परत एफडी करायची?" आता व्याजाचा दर आधीपेक्षा कमी होता. मी करू नको म्हटलं. घरी आले, नवऱ्याला म्हटलं, "चला, तुमचा दात घासणारा निसर्ग बघू."

त्याने 'मी म्हणत होतो' असं म्हटलं नाही, त्याबद्दल मी त्याची आभारी आहे. माझ्या वयामुळे बँक थोडंच कर्ज देत होती, म्हणून डाऊन पेमेंट मोठं होतं. जे काकांना इसार म्हणून द्यायचे होते ते सगळे, आणि वर नवऱ्याच्या फंडातलेही थोडे, त्यात गेले. या वेळी मोडायला काही शिल्लक नव्हतं, त्यामुळे निर्णय सोपा होता. फ्लॅट नोंदवताना मला कोणी विचारलं नाही की तुम्ही शेतकरी आहात का, कोणाची मुलगी, कोणाची बहीण. पैसे विचारले, ओळखपत्र विचारलं, फोटो काढला. नाव कोणाकोणाचं घालायचं म्हणून विचारलं तेव्हा नवरा पटकन म्हणाला, "हिचं एकटीचं." मी तिथे सगळ्यांसमोर रडले. कारकुनाला वाटलं, आनंदाने रडतेय. त्याने पाणी आणून दिलं.

मला तो फ्लॅट आवडत नाही. हे लिहिताना आजूबाजूला ऐकू येतो तो वरच्या मजल्यावरचा मिक्सर. गॅलरीत कुंडीत तुळस लावली आहे, तिला दुपारपर्यंत ऊन मिळत नाही. मी म्हातारपणी जिथे बसणार होते ते हे नव्हे. लोक म्हणतात, प्रॉपर्टी झाली, आता किंमत वाढेल. वाढू दे. मला गावात घर हवं होतं आणि गावाने मला कागदावर पाहुणी करून ठेवलं होतं, तेही माझ्याच हाताने, साडी देऊन. हा सल माझ्याबरोबर जाईल.

वास्तुशांतीला भाऊ आला नाही, बंगल्यावर पाहुणे होते म्हणे. आईला मात्र पाठवलं, भाच्याच्या गाडीवरून. ती सगळ्या खोल्या हळूहळू फिरली, भिंतींना हात लावून बघितला, बाथरूमचा नळ सोडून बंद केला. जेवण झालं, लोक गेले. ती स्वयंपाकघरात मला म्हणाली, "हितं कुनाचं नाव हाय?"

"माझं."

"एकटीचं?"

"एकटीचं."

तिने ओट्यावरून हात फिरवला. मग खाली मान घालून, मुलीने आईला विचारावं तसं मला विचारलं, "मी हितं राहिली तर चालंल का गो?"

मी म्हटलं, "चालेल म्हणजे काय? आजच राहा. आत्ताच राहा. कपडे मी आणवते."

तिने विचार केला. गॅलरीत जाऊन खाली बघून आली. चप्पल कुठे काढली होती ती शोधली.

"आज नको," म्हणाली. "त्याला इचारून येते."

दिवाळी होऊन गेली. ती अजून विचारतेच आहे.